कालव्यापलीकडचे मुके

ठिणगीने सूड घ्यायचं ठरवलं ते पालवाल्याच्या दुकानात, भर दुपारी, हातात बोंबलणारा डबा घेऊन उभी असताना.

डब्यात रातकिडे होते. तिच्या बाबांचे रातकिडे गप्प बसायला कधी शिकलेच नाहीत. झाकण लावा, वर पोतं टाका, सायकलवरून हिंदकळत न्या, त्यांचं आपलं किर्र किर्र चालूच. रस्त्यातली माणसं वळून बघायची. ठिणगी मग त्यांच्याकडे अशी बघायची की ती गुपचूप पुढे बघायला लागायची.

पालवाला म्हणजे सरडे, पाली, कासवं, पिंजऱ्यातले पक्षी विकणारा दुकानदार. लोक हौसेने सरडे पाळतात आणि सरड्याला जिवंत किडा लागतो, त्यावर ठिणगीचं घर चालायचं. पालवाला स्वतःही पालीसारखाच होता. दिवसभर भिंतीला चिकटून बसायचा आणि डोळेच फिरवायचा.

"परत ने," तो म्हणाला.

"का? मेलेत का? ओरडतायत बघा कसे."

"ओरडतायत तेच बास झालं. त्यात आता रोगट."

"रोगट कोण म्हणालं?"

पालवाल्याने डोळे फिरवले. "हे बघ, मला तुमच्या घरच्या भांडणात पडायचं नाही. पण सख्खा भाऊच येऊन सांगतो, की दादाच्या शेडमध्ये रोग आहे, तुझी जनावरं सांभाळ. मग मी काय करू? घरच्यांनीच नाक कापल्यावर बाहेरच्याने पट्टी लावायची का?"

मागे शेल्फवर काकांचे डबे रचलेले होते. एकावर एक, छतापर्यंत. भरलेले, आणि गप्प. एक किडा आवाज करेल तर शपथ.

ठिणगी काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे समजून जावं. शाळेत बाईंनी फेकलेला डस्टर तिने तितक्याच जोरात परत फेकला होता आणि मग दप्तर उचलून कायमची घरी आली होती, तेव्हाही ती बोलली नव्हती.

काका आणि बाबा हे काही नेहमीचे वैरी नव्हते. आजोबांनी एका टबात रातकिडे पाळायला घेतले, त्याची शेड झाली, दोघे भाऊ तिथेच लहानाचे मोठे झाले. मग सरकारने जमिनीच्या मधोमध कालवा खणला. शेड या काठाला राहिली, उरलेली जमीन पलीकडे गेली. आजोबा गेल्यावर भावांचं बिनसलं. कशावरून ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही, आई म्हणायची, "दोघांना एकाच वेळी बोलायचं होतं, त्यावरून." काकांनी अर्धे टब उचलले, पलीकडे स्वतःची शेड बांधली आणि पुलाचा रस्ता विसरले. पूल लांब होता, वळसा घालून जावं लागायचं, पण माणूस विसरायला एवढा वळसा लागत नाही.

ही ठिणगीच्या जन्माच्या आधीची गोष्ट.

किड्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते सगळे एकाच आईचे, एकाच टबातले. पण बाबांची रीत एक, काकांची दुसरी. बाबा म्हणायचे, जो नर खणखणीत गातो तो तब्येतीने धडधाकट. म्हणून ते गाणारे पैदाशीला ठेवायचे आणि मवाळ विकायचे. काका निघाले उलट्या डोक्याचे. त्यांनी गिऱ्हाईक पाहिलं. फ्लॅटमध्ये सरडा पाळणाऱ्याला रात्रभर किर्र नको असतं. मग जो नर ओरडेल तो पहिला पालीच्या पोटात आणि जो गप्प तो पैदाशीला. किड्यांच्या वर्षाला पाच-सहा पिढ्या होतात. हिशोब तुम्हीच करा. एका काठाला गवई राहिले, दुसऱ्या काठाला मुके. पाण्यावरून उडी मारून इकडचा तिकडे जायची सोयच नव्हती.

मुके जास्त खपायचे. तेवढंही काकांना पुरलं नाही. तरी चार गिऱ्हाइकं बाबांकडे टिकून होती, कारण बाबांचा किडा टणक, आठवडाभर डब्यात राहिला तरी मरत नसे. ती चार तोडायला काकांनी जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. रोगट म्हणे.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा बाबा गाजराचे काप करत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"तो असं म्हणाला?"

"पालवाला खोटं कशाला बोलेल?"

"नाही, पालवाला नाही बोलणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाजर कापायला घेतलं. कापून झालं तरी ते नुसत्या पाटावर सुरी चालवत होते.

आठवडाभरात उरलेली तीन गिऱ्हाइकंही गेली. बाबा शेडमध्ये जायचे, टबांना कोंडा घालायचे, पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे बदलायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. एकदा म्हणाले, "बंद करू या आता. मी कुठेतरी वॉचमन होतो." आई दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "वॉचमन व्हा. दारात चोर आला तर त्याच्याशी पण न बोलता बसून राहाल." हसली मात्र नाही.

आणि ठिणगी दात-ओठ खात शेडमध्ये टब साफ करत होती. तिथेच तिला सुचलं.

टबात पाय घसरून पडलेला एक किडा तिने उचलला. मादी होती. मादी ओळखायला सोपी, मागे सुईसारखी नळी असते, ती मातीत खुपसून अंडी घालते. आणि मादी गात नाही. गातो तो नर.

म्हणजे गाणाऱ्या घराण्यातली लेक मुक्यांच्या घरी नेऊन सोडली तर कुणाला कळणार? दिसायला तशीच, आवाजाला तशीच गप्प. पण तिची पोरं? तिचे नातू? काकांच्या शेडमध्ये एक दिवस एक नर गाऊन उठेल, मग दहा, मग सगळी शेड. छतापर्यंत रचलेले डबे दुकानात एका सुरात बोंबलतील. इतक्या वर्षांची निवड पाण्यात. काकांना कळणारही नाही की कुणी घोळ घातला. घरातच बिघडलं, एवढंच दिसेल.

ठिणगी एवढ्या जोरात हसली की बाबांनी बाहेरून विचारलं, "काय गं?"

"काही नाही. किडा चावला."

तिने काम चोख केलं. शेवटची कात टाकायला आलेल्या माद्या निवडून वेगळ्या ठेवल्या, म्हणजे कुठल्याच नराचा वारा लागायला नको. कात टाकून झाल्यावर त्यांना बुटाच्या खोक्यात भरलं. काका दुपारी माल पोहोचवायला जातात हे सगळ्या काठाला माहीत होतं. ती सायकलने पुलावरून पलीकडे गेली. शेडच्या मागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली होती. (काकांना बोलायला जीभ होती, जाळी ठोकायला खिळा नव्हता.)

आत शिरल्यावर मात्र ती दचकली. तिच्या घरच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. इथे बल्ब होते, टब होते, अंड्यांचे पुठ्ठे उभे रचलेले होते, पुठ्ठ्यांवर हजारो किडे हलत होते, आणि आवाज नव्हता. नुसती सळसळ. जणू शेडभर कुणीतरी कागद चुरगळत होतं. पैदाशीच्या टबांत ओल्या मातीचे डबे ठेवलेले असतात, त्यावरून तिने टब ओळखले आणि प्रत्येकात मूठमूठ माद्या सोडल्या.

"नांदा सौख्यभरे," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर आली.

मग ती वाट बघायला लागली, आणि वाट बघणं हे तिचं काम नव्हे. तिन्हीसांजेला कालव्याच्या काठावर जाऊन कान लावायची. मागून बाबांच्या शेडचा कल्लोळ यायचा, पुढे काकांची शेड थंड. पिल्लं मोठी व्हायला वेळ लागतो हे तिला कळत होतं, पण रागाला कुठे कळतं.

एका संध्याकाळी समोरच्या काठावर चष्मा उभी दिसली. चष्मा म्हणजे काकांची मुलगी. ठिणगीहून वर्षाने मोठी, कॉलेजला जाणारी, किडे-पानं-बेडूक असलं काहीतरी शिकणारी. दोघी आयुष्यात चार वेळा बोलल्या असतील, त्यातल्या तीन वेळा भांडण.

"ए ठिणगे!" चष्मा पाण्यावरून ओरडली. "तुझ्या लेकी मांडवातून परत आल्यात!"

ठिणगी पकडली गेली होती, पण तोंड तिचंच होतं. "कुठल्या लेकी? झोपेत बोलतेस का?"

"सगळ्या टबांत कालव्याच्या बाजूला जाऊन बसतात. भिंतीला तोंड लावून. उचलून मागे ठेवलं तरी पुन्हा तिकडेच! आधी मला वाटलं उजेडाला जातात. मग लक्षात आलं, तुमच्या शेडचा आवाज ऐकतात!"

ठिणगीने मान वळवून मागे आपल्या शेडकडे पाहिलं.

"रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात, माहितीये ना? पाय भिंतीला लावून ऐकत बसतात! आमचे नर जवळ गेले की लाथा घालतात! आमच्याकडे नर गात नाही, नुसती मिशी लावून विचारतो. तुमच्या मादीला ते विचारणं वाटतच नाही!"

"मग बांधून घाला!"

"तेही केलं! एका बरणीत एक जोडी कोंबून ठेवली. कशीबशी अंडी दिली, सगळी वाळून गेली!" चष्मा आता ओरडायची थांबली. वारा पडला होता, त्यामुळे साधं बोललेलंही ऐकू येत होतं. "हे फार भारी आहे, तुला कळतंय का? एकच जमात होती. मध्ये कालवा आला. इकडच्यांना इकडची सवय, तिकडच्यांना तिकडची. अजून अगदी वेगळी जात झाली असं नाही म्हणता येणार, पण त्याच रस्त्याला लागलेत. डोंगर मध्ये आला, नदी फिरली, बेट तुटलं, की असंच होतं. फक्त तिथे लाखो वर्षं लागतात आणि इथे तुझ्या-माझ्या बापाने हाताने निवडनिवडून…"

"भाषण झालं का?"

"झालं. बाबांना मी सांगितलेलं नाही. उगीच दोन्हीकडे डोकी फुटतील. पण जाळी ठोकून घेतलीये." आणि ती गेली.

ठिणगीने काठावरचा दगड उचलून पाण्यात घातला. मग आणखी एक. मार खाल्ला असता तरी चाललं असतं. पण आपला सूड समोरचीला भारी वाटावा, त्याचा तिने अभ्यास करावा, याच्याइतकं झोंबणारं काही नाही. हात दाखवून अवलक्षण! बाबांच्या माद्यासुद्धा बाबांसारख्याच निघाल्या, दुसऱ्याच्या घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या.

आणि मग काकांचे किडे मरायला लागले.

बातमी पालवाल्याच्या दुकानातून आली. डब्यांत निम्मे किडे उताणे पडलेले, पाय थरथरतायत, उठता येत नाही. काकांनी डबे बदलून दिले, तेही उताणे. मग काका माल घेऊन यायचेच बंद झाले. पुलावरून जाणारे सांगायचे, शेडच्या मागे खड्डा खणलाय, घमेली भरभरून ओततायत, वास नाकाला झोंबतो.

ठिणगीने त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

"दुसऱ्याला रोगट म्हणाला ना," ती म्हणाली. "घ्या आता. उलटी फिरली जीभ."

बाबा जेवत नव्हते. "वडिलांच्या हातचे होते ते," म्हणाले. "तिकडचे पण."

"तुम्हाला त्यांचंच वाईट वाटतं! तुमचं कुणाला वाटलं होतं?"

"एकदा आपल्याकडे पण झालं होतं असंच," बाबा म्हणाले. "तू रांगत होतीस. अर्धी शेड उताणी पडली. मी टब धुतले, उरले ते वाढवले. मग पुन्हा कधी झालं नाही. त्याला सांगायला हवं, सगळे फेकू नकोस म्हणून."

"सांगा की. पत्रिका छापा," आई म्हणाली. पण तिनेही ताट बाजूला सरकवलं होतं.

सांगायला जावं लागलं नाही. दोनच दिवसांनी काका स्वतः दारात आले. ठिणगीने हे दृश्य मनात इतक्यांदा पाहिलं होतं की तिला ते पाठ होतं. काका खाली मान घालून उभे, ती वरच्या पायरीवर. सगळं तसंच होतं, फक्त काका फारच वाळलेले दिसत होते आणि त्यांच्या चपलेला चुना लागला होता, हे तिच्या मनातल्या दृश्यात नव्हतं. मागे चष्मा उभी होती.

"या भाऊजी," आई म्हणाली. "पूल सापडला वाटतं?"

काका कसनुसं हसले. "दादा आहे का?"

बाबांनी लगेच खुर्ची दिली. लगेच! ठिणगीला वाटलं, खुर्ची ओढून घ्यावी.

"दादा, काही उरलं नाही," काका म्हणाले. "शेड धुऊन काढली. पैदाशीला थोडे किडे दे. गाणारे तर गाणारे. कुठून तरी सुरुवात केली पाहिजे."

"ने की. त्यात काय," बाबा म्हणाले.

"बाबा, थांबा!" ठिणगी पायरी उतरून खाली आली. "फुकट नाही. काका, उद्या बाबांबरोबर पालवाल्याकडे चला. त्याच्यासमोर म्हणा, दादाच्या किड्यांना रोग नव्हता, मी खोटं बोललो. मोठ्याने म्हणा. गिऱ्हाइकं असताना."

"ए पोरी," बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज अर्ध्यातच बसला. त्यांनाही ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांना ठिणगीला नीट गप्पही करता येईना.

काकांनी चुन्याच्या चपलेकडे पाहिलं. "म्हणतो," ते म्हणाले. "खोटंच बोललो होतो. चार गिऱ्हाइकांसाठी. म्हणतो मी."

ठिणगीच्या अंगात असं काही भरून आलं की तिला पळावंसं वाटलं. ती शेडमध्ये गेली. मागोमाग चष्मा आली आणि तिने दार लोटलं. आत किड्यांचा असा गजर चालला होता की शेजारी उभ्या माणसालाही कानाशी येऊन बोलावं लागायचं. चष्मा कानाशी आली.

"जिंकलीस."

"हो. झोंबतंय?"

"तुला एक गंमत सांगते. तुझ्या माद्या काढल्या, तेव्हा त्यातल्या थोड्या मी माझ्या खोलीत बरणीत ठेवल्या. सोबत आमचे मुके. बाजूला दुसऱ्या बरणीत नुसते मुके, त्यांना तुमच्याकडच्या कशाचाच स्पर्श नाही. पहिल्या बरणीतले मुके उताणे पडले. सगळे. तुझ्या माद्या ठणठणीत. दुसऱ्या बरणीतले मुके अजून जिवंत आहेत. शेडमध्ये गेले तर मरतील, म्हणून बाबांनाही माहीत नाहीत."

ठिणगीला कळायला वेळ लागला. किंवा कळलं लगेच, आत घ्यायला वेळ लागला.

"रोग तुमच्या शेडमधून आला," चष्मा म्हणाली. "तुमच्याकडे कधीतरी येऊन गेला असणार. जे टिकले ते त्याला पचवून बसले, अंगात घेऊन फिरतात, त्यांना काही होत नाही. आमच्याकडे तो कधी आलाच नव्हता, मध्ये कालवा होता ना. तू खोक्यात घालून आणून दिलास."

रांगत होतीस, बाबा म्हणाले होते. अर्धी शेड.

"खोटं," ठिणगी म्हणाली.

"जा, बाबांना विचार. विचारच. माझे बाबा खोटं म्हणून जे बोलले ते खरं होतं. त्यांनाच माहीत नव्हतं. आणि उद्या दुकानात जाऊन मी खोटं बोललो असं जे म्हणतील, ते खोटं असेल." चष्म्याचे डोळे काचेमागे लाल झाले होते. "आम्हाला किडे हवेत, म्हणून आज बोलत नाही. पुढचं पुढे बघेन. पण तुला माहीत असू दे. तू एकटीने ठेव ते मनात."

ठिणगीने तिची वेणी धरली असती. हात उचललाही होता. पण बाहेर बाबा काकांना विचारत होते, "चहात साखर तेवढीच ना अजून?" आणि तिचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. काका मधोमध उभे राहिले.

"माझ्या दादाच्या किड्यांना कुठलाही रोग नव्हता आणि नाही," ते म्हणाले. "मी पोटात दुखलं म्हणून खोटं सांगितलं. त्याची शेड कायम स्वच्छ होती. घाण माझ्याकडे होती."

पालवाला भिंतीपासून सुटला. "अहो, मग एवढे दिवस आम्हाला कशाला येडं बनवलंत? दादा, उद्यापासून डबे चालू करा. ओरडू देत. टणक माल आहे, मला आधीच शंका होती." गिऱ्हाइकं हसली. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

 बाबांनी फक्त ठिणगीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उघडला की तसा तिने जन्मात पाहिला नव्हता. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस असा दिसू शकतो हे तिला माहीत नव्हतं. ती हसली. हसावं लागलं. ती ज्यासाठी जळत होती ते सगळं तिला मिळालं होतं, आणि त्यातला एकही घास तिला गिळता येत नव्हता. दारात चष्मा उभी राहून तिचं हसणं बघत होती. नीट, काचेतून, किडा बघावा तशी.

त्याच दिवशी दुपारी किडे आणि अंड्यांच्या मातीचे डबे घेऊन ती आणि बाबा पलीकडे गेले. काकांची शेड धुऊन ओली होती, चुन्याचा वास होता. बाबा आल्याआल्या बल्ब वर-खाली करायला लागले, "एवढ्या वर कुणी लावतं का? भाजी वाळवायचीये का?" आणि काका म्हणाले, "तूच शिकवलंस," आणि दोघे भांडायला लागले. पण ते भांडण वेगळं होतं.

ठिणगी हात धुवायला म्हणून घरात गेली. चष्म्याची खोली तिला लगेच ओळखता आली. दाराच्या फटीला खालून ओला टॉवेल लावलेला होता. तिने दार ढकललं. टेबलावर बरणी होती, तोंडाला जाळीचं कापड. आत पुठ्ठ्याचा तुकडा आणि पाच-दहा मुके, मिशा हलवणारे. बाकी जगात त्यांच्यासारखे कुणी उरलेले नव्हते.

तिने हात अजून धुतले नव्हते. नखांत घरच्या शेडचा कोंडा होता.

"पुढे येऊ नकोस," मागून चष्मा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. पहिल्यांदाच.

ठिणगी वळली नाही. "एवढेच राहिले?"

"ठिणगे, बाहेर ये."

"एक बोट आत घातलं की झालं, नाही का? तूच सांगितलंस." तिने बोट वर केलं. कोंडा दिसेल असं. "आता ऐक. तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या बाबांपुढे नाही, तुझ्या बाबांपुढे नाही, कॉलेजात नाही. आज नाही आणि पुढेही नाही. तू तोंड उघडलंस की मी हे कापड उघडलं."

"त्यांनी तुझं काय केलंय?"

"कुणी?"

"यांनी. किड्यांनी."

त्याने ठिणगी आणखी चिडली. "तुझं तोंड बंद, माझा हात बंद. बोल. मान्य?"

चष्मा रडत होती, पण रडतानाही तिचे डोळे ठिणगीच्या बोटावर होते. "मान्य," ती म्हणाली. "आणि तू या काठाला पुन्हा कधी आलीस तर…"

"येणार. दर आठवड्याला येणार. बाबा तुझ्या बाबांना पैदास शिकवणार आहेत ना. मी डबे घेऊन येणार."

शेडमधून काकांनी हाक मारली. "पोरींनो, चहा झाला! या!"

दोघीही हलल्या नाहीत. चष्मा पुढे गेली असती तर ठिणगी बरणीपाशी एकटी राहिली असती. ठिणगी पुढे गेली असती तरी चष्मा मागून येईलच असं नव्हतं, किंवा येईल आणि चहाच्या कपासमोर बसून एकच वाक्य बोलेल.

"तू हो पुढे," चष्मा म्हणाली.

"तू आधी."

बाहेर बाबांनी आणलेल्या नरांपैकी पहिल्याने नव्या टबात गायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने. काका ओरडले, "दादा, अरे कान किटतील याने!" आणि बाबा खदखदून हसले, घर हलेल असे. बरणीतल्या मुक्यांनी मिशा स्थिर केल्या.

"पोरींनो! निवतोय चहा!"

ठिणगी मागे सरून दाराच्या चौकटीला टेकली. चष्मा बरणीसमोर येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि कुणीच आधी निघेना.